कॉन्फ्लुएन्समध्ये हवं ते पान सापडत नाही? सीक्यूएल क्वेरी लिहायची पायरी-पायरीने

कॉन्फ्लुएन्सच्या, म्हणजे टीमची पानं एका जागी ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या, सर्च बॉक्समध्ये 'रिफंड प्रोसेस' टाकलं की ढीगभर रिझल्ट येतात. वरती कुठल्यातरी मीटिंगचे मिनिट्स, खाली दोन वर्षांपूर्वीचं डिझाइन, मधेच कुणाची तरी कमेंट, आणि आत्ता चालू असलेली प्रोसेस ज्या पानावर आहे ते पान मात्र कुठेच नाही. मग बहुतेक जण अजून दोन शब्द घालून बघतात, तरी जमलं नाही की टीमच्या ग्रुपवर 'लिंक आहे का कुणाकडे' असं टाकतात. शब्द वाढवून इथे फारसं काही हाती लागत नाही. आधी अटी घालायच्या, म्हणजे कुठल्या स्पेसमध्ये (एकेका टीमच्या पानांच्या कप्प्यात), कुठल्या प्रकारचं, कधीचं, कुणी लिहिलेलं, आणि शब्द सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा होतो म्हणूनच शोध फसतो, आणि हे रोज इतक्या लोकांच्या बाबतीत होताना दिसतं की एकदा नीट सगळं लिहून काढायचं ठरवलं. अशा अटी लिहायच्या कॉन्फ्लुएन्सच्या भाषेला सीक्यूएल म्हणतात, आणि तिच्यात लिहिलेली शोधाची ओळ म्हणजे क्वेरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खालच्या क्वेरींमधले शब्द आणि अंक वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिलेत, पण टाइप करताना स्पेस, टाइप, लेबल, लास्टमॉडिफाइड, अँड, ऑर हे सगळे शब्द इंग्रजी स्पेलिंगने आणि तारखा इंग्रजी अंकांत टाकायच्या. फक्त जो मजकूर शोधायचाय तो मराठी असेल तर मराठीत.

पायरी १: कीबोर्डला हात लावायच्या आधी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. एका कागदावर किंवा नोटपॅडमध्ये या गोष्टी लिहून काढा:

- ते पान कुठल्या टीमच्या स्पेसमध्ये असायला हवं? नक्की माहीत नसेल तर दोन-तीन शक्यता लिहा.
- ते पान आहे, की पानाला जोडलेली फाइल आहे, की ब्लॉगपोस्ट आहे?
- साधारण कधी लिहिलं किंवा शेवटचं कधी बदललं असेल?
- कुणी लिहिलं, किंवा कुणाचा हात लागला असेल?
- त्या पानावर नक्की असणारच असा एखादा शब्द कोणता?

शेवटच्या प्रश्नावर जरा वेळ घालवा. 'प्रोसेस', 'डॉक्युमेंट', 'अपडेट' असले शब्द प्रत्येक पानावर असतात, त्यांनी काहीच गाळलं जात नाही. एरर कोड, जॉबचं नाव, व्हेंडरचं नाव, फॉर्मचं नाव असे शब्द कामाचे.

आता तीन गोष्टी गोळा करा. पहिली, स्पेसची 'की', म्हणजे तिचं छोटं सांकेतिक नाव. स्पेसचं नाव 'पेमेंट्स ऑपरेशन्स' असेल पण क्वेरीत ते नाव चालत नाही, तिथे की लागते, आणि ती स्पेसच्या कुठल्याही पानाच्या पत्त्यात दिसते. दुसरी, त्या स्पेसमधल्या एखाद्या मोठ्या मूळ पानाचा आयडी, तो लांबलचक आकडाही पत्त्यातच असतो. तिसरी, टीम खरोखर वापरते ती लेबलं, म्हणजे पानांना लावलेले ओळखीचे शब्द. इथे अंदाज नको, दोन-तीन पानं उघडून लेबलं प्रत्यक्ष बघा.

तपासा: तुम्हाला पक्कं माहीत असलेलं, या शोधात यायलाच हवं असं एक पान निवडून ठेवा. पुढे प्रत्येक अट घातल्यावर ते पान रिझल्टमध्ये टिकतंय का ते बघायचंय. ते गायब झालं म्हणजे शेवटची अट चुकली, बाकी कुठे शोधत बसायची गरज नाही.

पायरी २: क्वेरी टाकायची कुठे

साध्या सर्च बॉक्समध्ये सीक्यूएल चालत नाही, तिथे अख्खी क्वेरी टाकली तर तो तिला नुसते शब्द समजून शोधायला लागतो. साध्या बॉक्समध्ये शब्दांमध्ये अँड, ऑर, नॉट वापरता येतं पण ते कॅपिटलमध्येच लिहावं लागतं, आणि शेजारच्या फिल्टरमधून स्पेस, लेखक, तारीख वगैरे निवडता येतं. रोजच्या कामाला बऱ्याचदा एवढं पुरतं.

खरं सीक्यूएल दोन ठिकाणी लागतं: रेस्ट एपीआयच्या (प्रोग्रामने कॉन्फ्लुएन्सकडे थेट माहिती मागायच्या पत्त्याच्या) सर्चमध्ये, आणि 'कंटेंट बाय लेबल' किंवा 'पेज प्रॉपर्टीज रिपोर्ट' सारख्या मॅक्रोंमध्ये (पानात टाकायच्या तयार घटकांमध्ये), जे पानं गाळायला आतून हेच वापरतात. एपीआयच्या पत्त्यात क्वेरी टाकताना ती एन्कोड करावी लागते, म्हणजे असली चिन्हं पत्त्यात चालणाऱ्या कोडमध्ये बदलावी लागतात, नाहीतर मोकळ्या जागा आणि अवतरणचिन्हं मधेच तुटतात.

सावध: एपीआय एका वेळी मूळ सेटिंगला २५ रिझल्ट देतो. नेमके २५ आले की 'एवढीच पानं आहेत' असं धरून पुढे जाणारे खूप आहेत. लिमिट वाढवा किंवा पुढच्या पानाची लिंक बघा.

पायरी ३: चौकट आखा, स्पेस आणि टाइप

पहिल्या दोन अटी नेहमी याच (पेओपीएस ही 'पेमेंट्स ऑपरेशन्स'ची की):

स्पेस = पेओपीएस अँड टाइप = पेज

टाइप लिहिलं नाही तर पानांबरोबर कमेंट, अटॅचमेंट, ब्लॉगपोस्ट सगळं येतं, रिझल्टमधला निम्मा कचरा तिथूनच असतो. फाइल हवी असेल तर टाइप = अटॅचमेंट. वर्ड किंवा पीडीएफच्या आतला मजकूरही शोधला जातो, पण कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, तिच्यात अक्षरं नसतात, त्यामुळे अशी फाइल तिच्या नावावरूनच शोधावी लागते.

स्पेस एकापेक्षा जास्त असतील तर:

स्पेस इन (पेओपीएस, सपोर्ट) अँड टाइप = पेज

आत्ताच क्वेरी चालवा. भरपूर रिझल्ट येतील, येऊ देत. ओळखीचं पान त्यात आहे ना एवढंच बघायचंय. एका फटक्यात सहा अटींची क्वेरी लिहून चालवली आणि शून्य आलं तर चूक कुठल्या अटीत आहे ते कळायला मार्गच उरत नाही.

पायरी ४: लेबल आणि पानांचं झाड

लेबल ही सगळ्यात नेमकी अट, पण लोकांनी ती लावलेली असेल तर. एकाच गोष्टीला कुणी रनबुक, कुणी रनबुक्स, कुणी रन-बुक असं लेबल लावलेलं असतं, म्हणून:

लेबल इन (रनबुक, रनबुक्स, रन-बुक)

इथे एक घोळ कायम होतो. 'इन' म्हणजे यातलं कुठलंही एक. रनबुक आणि रिफंड ही दोन्ही लेबलं असलेलीच पानं हवी असतील तर दोन वेगळ्या अटी लिहा:

लेबल = रनबुक अँड लेबल = रिफंड

लेबल एकसंध शब्द असतो, त्यात मोकळी जागा बसत नाही. 'रिफंड प्रोसेस' टाकलं तर दोन वेगळी लेबलं तयार होतात, त्यामुळे शोधतानाही ती दोन म्हणूनच शोधा.

लेबलांवर भरवसा नसेल तर झाड वापरा. अँसेस्टर = नंतर मूळ पानाचा आयडी, असं दिलं की त्याच्या खालची सगळ्या पातळ्यांवरची पानं येतात. पॅरेंट दिलं तर फक्त थेट पहिल्या पातळीवरची. खोलवर दडलेलं पान पॅरेंटने कधीच मिळत नाही आणि लोक म्हणतात पान डिलीट झालं. आणि हो, ते मूळ पान स्वतः अँसेस्टरच्या रिझल्टमध्ये येत नाही, ते धरून हवं असेल तर वेगळं घाला.

माझं मत विचाराल तर जुन्या, अस्ताव्यस्त स्पेसमध्ये अँसेस्टर लेबलपेक्षा जास्त भरवशाचा, कारण पान कुठेतरी ठेवल्याशिवाय बनतच नाही, लेबल मात्र लावायचं राहून जातं.

पायरी ५: तारीख आणि माणूस

क्रिएटेड म्हणजे पान बनलं तो दिवस, लास्टमॉडिफाइड म्हणजे शेवटचा बदल झाला तो. आत्ता चालू असलेली प्रोसेस शोधायची तर लास्टमॉडिफाइड घ्या, कारण पान तीन वर्षं जुनं असून परवा अपडेट झालेलं असू शकतं.

लास्टमॉडिफाइड >= नाऊ("-३एम")

यातला एम मोठा, कॅपिटल. मोठा एम म्हणजे महिने, छोटा एम म्हणजे मिनिटं. छोटा टाकला की गेल्या तीन मिनिटांत बदललेली पानं मागितली जातात, रिझल्ट शून्य, एरर काही नाही, आणि माणूस बाकीची क्वेरी तपासत बसतो. आकड्याआधीचं उणे चिन्हही विसरू नका, चिन्ह नसेल तर अधिक धरलं जातं, म्हणजे तीन महिने पुढची तारीख.

ठराविक काळ हवा असेल तर तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ३० जून धरून हवं असेल तर '१ जुलैपेक्षा लहान' अशी अट घाला. '३० जूनपेक्षा लहान किंवा तेवढीच' असं लिहिलं तर त्या दिवशी दिवसभरात झालेले बदल सुटू शकतात.

माणसाच्या बाबतीत क्रिएटर आणि कॉन्ट्रिब्युटर यांची गल्लत होते. क्रिएटर म्हणजे ज्याने पान बनवलं तोच. कॉन्ट्रिब्युटरमध्ये ज्यांनी नंतर बदल केले तेही आले. 'ते स्नेहाने लिहिलंय' असं टीममध्ये म्हणतात तेव्हा बऱ्याचदा पान दुसऱ्याच कुणीतरी उघडून ठेवलेलं असतं आणि स्नेहाने ते भरलेलं असतं, म्हणून कॉन्ट्रिब्युटरनेच सुरुवात करा. क्लाउडवर, म्हणजे कॉन्फ्लुएन्सच्या ऑनलाइन आवृत्तीवर, इथे नाव किंवा ईमेल न टाकता अकाउंट आयडी टाकावा लागतो, तो त्या व्यक्तीच्या प्रोफाइलच्या पत्त्यात मिळतो. स्वतःची पानं हवी असतील तर करंटयूजर() पुरे.

सावध: कुणी एकाच दिवशी शेकडो पानांवर हात फिरवला, नुसती एखादी लिंक बदलली तरी, त्या सगळ्यांची लास्टमॉडिफाइड तारीख पुढे सरकते. तारखेवरून 'हे पान ताजं आहे' असा निष्कर्ष काढू नका, आत जाऊन पेज हिस्ट्री बघा.

पायरी ६: आता शब्द

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

टायटल आणि टेक्स्ट ही दोन फील्ड. टायटल फक्त शीर्षकात बघतं. टेक्स्ट शीर्षक, मजकूर आणि लेबलं तिन्हीत बघतं. शीर्षकातला एखादा शब्द आठवत असेल तर आधी टायटलच वापरा, रिझल्ट एकदम कमी होतात.

बरोबरचं चिन्ह आणि टिल्डा, म्हणजे ती नागमोडी रेघ, यात फरक आहे. टायटलला बरोबरचं चिन्ह लावलं तर अख्खं शीर्षक जसंच्या तसं जुळावं लागतं. तो शब्द कुठेतरी असला तरी चालेल असं हवं असेल तर टिल्डा. टेक्स्टला तर टिल्डाच लागतो, बरोबरचं चिन्ह चालत नाही.

टायटल ~ "रिफंड"
टेक्स्ट ~ "रिफंड गेटवे"

दुसऱ्या क्वेरीत दोन शब्द आहेत, पण ते शेजारी-शेजारी आणि त्याच क्रमाने असलेच पाहिजेत असं बंधन नाही. अवतरणचिन्हं दिसतात म्हणून लोकांना वाटतं की नेमका वाक्यांश शोधला जातोय, पण ती चिन्हं सीक्यूएलची स्वतःची आहेत. नेमका वाक्यांश हवा तर आत अजून एक जोडी लागते आणि आतल्या प्रत्येक चिन्हाआधी बॅकस्लॅश:

टेक्स्ट ~ "\"रिफंड गेटवे\""

शब्दाचा पुढचा भाग बदलता असेल तर शेवटी तारा (*) लावा, पण शब्दाच्या सुरुवातीला तारा लावू नका, आणि नेमक्या वाक्यांशाच्या आत तारा चालेल अशी अपेक्षाही ठेवू नका. अंडरस्कोअरने जोडलेली जॉबची नावं अख्खी टाका, किंवा सुरुवातीचा तुकडा आणि मागे तारा. मधला तुकडा शोधून ती मिळतीलच असं नाही.

आता मराठी पानांचं. पुण्या-मुंबईच्या टीममध्ये सपोर्टची उत्तरं, एचआरच्या सूचना, ग्राहकांना जाणारे मेसेज मराठीत लिहिलेले असतात आणि नेमकी तीच पानं शोधात सापडत नाहीत. कारण आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो. 'परतावा' शोधलं आणि पानावर 'परताव्यासाठी', 'परताव्याची' एवढंच असेल तर ते पान सुटतं. मूळ शब्द न शोधता सगळ्या रूपांत सारखा राहणारा तुकडा शोधा:

टेक्स्ट ~ "परताव*"

यात परतावा, परतावे, परताव्याला सगळे येतात. 'ग्राहक*' मध्येही तसंच. पण काही शब्दांत रूप बदलताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतं: वसूल पण वसुली, मंजूर पण मंजुरी. इथे समान तुकडा फार छोटा उरतो, 'वस*' टाकलं तर वस्तू, वस्ती, वसतिगृह सगळं यायचं. अशा वेळी दोन्ही लिहा:

(टेक्स्ट ~ "वसूल*" ऑर टेक्स्ट ~ "वसुली*")

दुसरा घोळ लिहायच्या पद्धतीचा. 'बँक' आणि 'बॅंक' आपण सारखंच वाचतो, कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲप' आणि 'अ‍ॅप' तर डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, पण वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या चिन्हांनी बनतात. रिफंड-रीफंड, गेटवे-गेट वे यांचंही तसंच. आकड्यांचंही: पानावर २०२४ देवनागरीत आहे की इंग्रजी अंकांत हे आधी कळत नाही, दोन्ही घाला. आणि अर्धी टीम 'रिफंड' हा शब्द इंग्रजी लिपीत लिहिते, तोही घाला.

म्हणून टीमच्या कामातल्या नेहमीच्या दहा-बारा शब्दांची एक यादी करून ठेवाच, प्रत्येक शब्दापुढे त्याची सगळी प्रत्यक्ष वापरातली रूपं. एकदा केलेली यादी सगळ्यांना पुरते.

तपासा: मराठी शब्द हाताने टाइप करून रिझल्ट येत नसेल तर ओळखीच्या पानावरून तोच शब्द कॉपी करून क्वेरीत पेस्ट करा. आता आला तर फरक टायपिंगचा होता.

पायरी ७: ऑर, नॉट आणि कंस

ऑर वापरला की कंस हवाच. ही चुकीची:

स्पेस = पेओपीएस अँड टायटल ~ "रिफंड" ऑर टायटल ~ "परताव*"

इथे शेवटचा पर्याय स्पेसच्या अटीपासून मोकळा सुटतो आणि सगळ्या कंपनीतली 'परतावा' शीर्षकाची पानं येतात, प्रवासखर्चाच्या परताव्यासकट. बरोबर अशी:

स्पेस = पेओपीएस अँड (टायटल ~ "रिफंड" ऑर टायटल ~ "परताव*")

वगळायचं असेल तर वगळण्याची अट कधीही पहिली लिहू नका, सीक्यूएलमध्ये नकारार्थी अटीने सुरुवात चालत नाही. आधी काय हवं ते, मग काय नको ते:

स्पेस = पेओपीएस अँड टाइप = पेज अँड लेबल नॉट इन (जुनं, मिनिट्स) अँड टायटल !~ "ड्राफ्ट"

नॉट जपून वापरा. टेक्स्टमधून 'ड्राफ्ट' वगळलं तर ज्या चांगल्या पानाच्या तळाशी कुणीतरी 'हा ड्राफ्ट आता फायनल' असं लिहिलंय तेही जाईल. वगळणं शक्यतो लेबल किंवा टायटलवर करा.

सावध: क्वेरी व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केली की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं झालेली असतात आणि क्वेरी एरर देते. चिन्हं पुसून हाताने परत टाका.

पायरी ८: क्रम लावा आणि पूर्ण चालवा

स्पेस इन (पेओपीएस, सपोर्ट) अँड टाइप = पेज अँड लास्टमॉडिफाइड >= नाऊ("-१वाय") अँड (टायटल ~ "रिफंड" ऑर टायटल ~ "परताव*") ऑर्डर बाय लास्टमॉडिफाइड डेस्क

ऑर्डर बाय नेहमी शेवटी, आणि डेस्क म्हणजे ताजं वरती. हे दिलं नाही तर क्रम जुळणीच्या हिशोबाने लागतो आणि रिफंड शब्द वीस वेळा असलेलं जुनं पान वर बसतं.

शून्य रिझल्ट आले तर, याच क्रमाने बघा

१. शेवटची अट काढा, चालवा. मग त्याच्या आधीची. ओळखीचं पान परत दिसेल तिथे थांबा.
२. स्पेसच्या अटीत तिचं नाव टाकलंय, का तिची 'की'?
३. तारखेचा एम मोठा आहे का, उणे चिन्ह आहे का?
४. पान आत्ताच सेव्ह केलंय का? इंडेक्स व्हायला, म्हणजे शोधात यायला, थोडा वेळ लागतो. पब्लिश न केलेला ड्राफ्ट दुसऱ्यांना दिसतच नाही.
५. पान किंवा स्पेस आर्काइव्ह झालीय का? मग साध्या शोधात ते समोर येत नाही.
६. तो मजकूर खरोखर त्याच पानावर आहे का? 'इन्क्लूड पेज' मॅक्रोने दुसऱ्या पानावरून आणलेला मजकूर मूळ पानाच्या नावावरच शोधला जातो.
७. परवानगी आहे का? ज्या पानावर तुम्हाला प्रवेश नाही ते रिझल्टमध्ये येत नाही, 'एक पान लपवलंय' असंही कुठे लिहून येत नाही. सहकाऱ्याला तीच क्वेरी चालवायला सांगा, दोन मिनिटांत कळतं.

पायरी ९: चांगली जमलेली क्वेरी टीमसाठी ठेवून द्या

दर आठवड्याला तेच शोधलं जात असेल तर स्पेसच्या मुख्य पानावर 'कंटेंट बाय लेबल' मॅक्रो टाकून त्याच अटी त्यात बसवा. मॅक्रोमध्ये जास्तीत जास्त किती पानं दाखवायची तो आकडा तपासा, तो कमी असेल तर यादी मधेच संपते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. यादी बघणाऱ्याच्या परवानगीप्रमाणे बदलते, त्यामुळे नव्या माणसाला तुमच्यापेक्षा कमी पानं दिसली तर मॅक्रो मोडलाय असं लगेच समजू नका. कुणी लेबलचं नाव बदललं तर मात्र मॅक्रो एरर न देता नुसता रिकामा दिसतो, म्हणून लेबलं बदलणाऱ्याने ही यादीही बघायची असं टीममध्ये ठरवून घ्या. आणि मॅक्रोच्या खाली कोड ब्लॉकमध्ये पूर्ण क्वेरी लिहून ठेवा, शब्दांची ती यादीही तिथेच, म्हणजे पुढच्या माणसाला फक्त एखादा शब्द किंवा तारीख बदलावी लागेल.